साखळी कुठे अडकवली होती?

प्रश्न : आमची भरड जमीन आहे. त्यात जुने काजू, आणि मधेमधे किंदळ, कुंभा, अकेशिया अशी मनगटाएवढी ते मांडीएवढी झाडे माजली आहेत. भाऊजींचा ट्रॅक्टर मिळतो. मे महिन्यात एका किंदळाला साखळी लावून ओढले, तर ट्रॅक्टरची पुढची चाकेच उठली. साखळी टॉप लिंकच्या, म्हणजे मागे अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, जागी अडकवली होती. झाड मात्र हलले नाही. मुळासकट काढायची कशी? लहानच झाडे, परवानगी लागत नसावी.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : चाके उठल्यावर तुम्ही तिथेच थांबलात, हे नशीब समजा. टॉप लिंकची जागा मागच्या आसाच्या वर असते. झाड सुटत नाही, मागची चाके पुढे सरकत नाहीत, मग इंजिनाचा जोर जाणार कुठे? तो ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलतो. क्लच दाबायचे सुचेपर्यंत गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर आलेली असते. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॉली ओढायच्या पट्टीलाच, आसाच्या खाली. दुसरी जागा नाही.

मे महिना निवडलात तोही चुकीचा. तेव्हा आपला जांभा दगडासारखा असतो. पहार मारली तर ठिणग्या उडतील. जुलैत चाके चिखलात फिरत राहतात. चवथीनंतर पाऊस ओसरला, जमीन ओली पण घट्ट असली, की हे काम काढा.

आणि खरे काम ट्रॅक्टरचे नाहीच, कुदळ-कुऱ्हाडीचे आहे. बुंध्याभोवती हातभर खणा, आडवी मुळे उघडी करून तोडा. लोक नेमका इथे कंटाळा करतात आणि मग साखळ्या तुटतात. फांद्या छाटून खोड कमरेएवढे ठेवा, साखळी सरकू नये म्हणून बुंध्याजवळ खाच पाडा. आता ट्रॅक्टरचा एखादा जुना रिम बुंध्याला टेकवून उभा करा आणि साखळी त्याच्यावरून घ्या. ओढ आडवी न लागता वर लागते, आणि खुंट दात उपटावा तसा निघतो. रिम उडू शकतो, म्हणून आसपास कोणी उभे राहू नये. पोरांना तर घरीच ठेवा. साखळी लांब हवी. नायलॉनचा दोर मुळीच नको. तो ताणतो आणि तुटला की उलट फिरून मारतो. लो गियरमध्ये साखळीचा ढिलेपणा हळू काढा, मग ओढा. हिसके द्यायचे नाहीत. नाही निघाले तर उतरून राहिलेले मूळ शोधा, तिथेच अडकलेले असते.

उतारावर ओढायचेच झाले तर ट्रॅक्टरचे तोंड उताराकडे ठेवा, चढाकडे कधीच नको. पण माझे विचाराल तर उतारावरची मुळे काढूच नका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारी आपली जमीन. ही मुळेच माती धरून असतात. तिथे जमिनीलगत तोडा आणि किंदळ-कुंभ्याला फुटवे आले की कोयत्याने खुडत राहा. दोनतीन पावसाळ्यांत खुंट दमतो.

आता परवानगी. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि त्याच्या लेखी झाड फार लवकर मोठे होते : जमिनीपासून 30 सेंटीमीटरवर खोडाचा व्यास 5 सेंटीमीटर आणि उंची मीटरभर झाली की पुरे. तुमचे मांडीएवढे किंदळ सोडाच, मनगटाएवढीसुद्धा त्यात बसतील. आधी वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, मग साखळी.

काजूच्या पसाऱ्याखाली उगवलेल्या झाडांना मात्र ट्रॅक्टर लावू नका. काजूची आडवी मुळे फांद्यांच्याही पलीकडे पसरलेली असतात, एक खुंट ओढताना तीही फाटतात. तिथे कोयताच चालवा. बाकी खड्डे पुढच्या पावसाआधी मातीने भरून चोपून घ्या, नाहीतर काजू वेचायला वाकलेले माणूस त्यात पाय घालील.