पाचपैकी पाच मिळाले, मग तो कोर्स कशाला?

जुलैचा पहिला आठवडा उलटला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी घरांतून मला एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात; कॉलेजला निघालेल्या मुलांना सल्ला देणं हे माझं काम. एपीचे, म्हणजे शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांचे, निकाल लागलेले असतात, त्यातल्या इंग्लिश लँग्वेजमध्ये पाचपैकी चार किंवा पाच मिळालेले असतात. एवढ्या गुणांवर बरीच कॉलेजं क्रेडिट देतात, म्हणजे तो कोर्स केल्यासारखा धरतात. "ताई, क्रेडिट मिळतंय, तर कॉलेजातला पहिला रायटिंगचा कोर्स सोडलेलाच बरा ना?"

दोन वर्षांपूर्वी रोहन आणि त्याची आई हेच विचारायला आले. (नाव बदललं आहे.) आईने हिशेब करून आणला होता: तीन क्रेडिट, त्याची फी, वाचणारा वेळ. "परीक्षेचे पैसे भरलेत, ते वाया जायलाच नकोत." रोहन म्हणाला, "मला येतंच ते सगळं."

बोलण्यातला 'च' टिपायची माझी जुनी खोड आहे. माणसाची अडचण बहुधा त्याच्या मागे दडलेली असते. आईच्या 'च'मागे पैसा होता, ते उघडच दिसत होतं. रोहनच्या 'च'मागे काय आहे, ते कळायला चार भेटी लागल्या.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "लिहिलेलं पुन्हा लिहिलंस, असं शेवटचं कधी झालं?"

"पुन्हा कशाला लिहायचं?"

त्याचं चूक नव्हतं. त्या परीक्षेत सव्वादोन तासांत तीन निबंध लिहायचे असतात, म्हणजे एकेकाला जेमतेम पाऊण तास. पहिला खर्डा तोच शेवटचा. कॉलेजच्या कोर्सात मात्र एकच निबंध आठवडेच्या आठवडे चालतो. संदर्भ स्वतः शोधायचे, शेरे घ्यायचे, मोडायचं, पुन्हा बांधायचं.

चौथ्या भेटीला त्याला शाळेतला सर्वांत आवडता निबंध आणायला सांगितला. लॅपटॉप उघडल्यावर म्हटलं, "यातला एक परिच्छेद काढून टाक. कुठलाही." कर्सर लुकलुकत राहिला. पाच मिनिटं गेली, सात गेली. मी काही बोलले नाही. (गप्प बसणं हा माझ्या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो मला बरा जमतो.) शेवटी तो म्हणाला, "काकू, हे क्लासच्या सरांनी दिलेल्या साच्यात बसवलंय. एक काढलं तर बाकीचं पडेल. आणि तिथे प्रोफेसरना कळेल, की मला येत नाही."

म्हणजे कोर्स वाचवण्याच्या नावाखाली भीती लपवायची चालली होती. त्या दिवशी मला माझाच सल्ला बदलावा लागला. तोवर मीही पालकांबरोबर क्रेडिटच मोजत बसायचे. आता आधी मुलाला विचारते: कोर्स कंटाळवाणा वाटतो म्हणून सोडतोयस, की धास्ती वाटते म्हणून? कंटाळा असेल तर खुशाल सोडावा. मागच्या वर्षी एका मुलीला मीच तसं सांगितलं. शाळेत तिने वीस पानी शोधनिबंध तीनदा खोडून लिहिला होता.

बाकी चौकशी रोकडी आहे. प्रिन्स्टन आणि हार्वर्डमध्ये हा प्रश्नच येत नाही. पाच मिळवणाऱ्यालाही पहिल्या वर्षी लेखनाचा कोर्स करावा लागतो. इतर कॉलेजांचे नियम वेगवेगळे, म्हणून शेजारच्या मुलाचं ऐकू नका, स्वतःच्या कॉलेजचा एपी क्रेडिटचा तक्ता पाहा. तोच कोर्स केला तर एपीचं क्रेडिट कित्येक ठिकाणी जातं, तेही विचारा. मुलाला मेडिकलला जायचं असेल तर जास्त जपून: काही मेडिकल कॉलेजं इंग्रजीसाठी एपीचं क्रेडिट धरत नाहीत. आणि अभ्यासक्रम मागवून एकदा मुलाबरोबर वाचा.

रोहनने कोर्स घेतला. आईने महिनाभर माझ्याशी जरा तुटकच बोलणं ठेवलं. ऑक्टोबरात त्याने पहिल्या खर्ड्याचा फोटो पाठवला. समासात प्रोफेसरांचा शेरा होता: तुझं म्हणणं तिसऱ्या पानावर सुरू होतंय, आधीची दोन कशाला? खाली त्याने लिहिलं होतं, "काकू, दोन्ही काढली. पडलं नाही."

कॅल्क्युलसचं क्रेडिट मात्र आईने घ्यायलाच लावलं.