सामायिक घरात होमस्टे, आणि चुलतभावाची नोटीस

प्रश्न: दापोली तालुक्यात समुद्रापासून साधारण दीडशे मीटरवर आमचे कौलारू घर आहे. आजोबांनी १९५८ मध्ये स्वतःच्या कमाईतून जागा घेऊन ते बांधले. १९८४ मध्ये मृत्युपत्र न करता ते वारले. आजी त्याआधीच गेली होती. मागे माझे वडील, काका आणि आत्या. वडील २००९ मध्ये गेले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वडील व काका यांची नावे आहेत. निवृत्तीनंतर मी, पत्नी आणि आई इथेच राहतो. साडेसात लाख रुपये घालून तीन खोल्या पाहुण्यांसाठी तयार केल्या. २४ डिसेंबरपासून तीन कुटुंबांचे बुकिंग घेतले आहे, जानेवारीत एक फ्रेंच जोडपे येणार आहे. आता मुंबईच्या चुलतभावाची वकिलामार्फत नोटीस आली आहे: घर सामायिक आहे, माझी संमती नाही, आठ दिवसांत व्यवसाय बंद न केल्यास मनाईहुकूम आणू. काका ८२ वर्षांचे असून त्याच्याकडेच असतात. पाहुणे घ्यावेत का? प्रत्येकाशी करार नोंदवावा लागतो का? बागेत दोन तंबू टाकता येतील का?

उत्तर: पाहुणे घेता येतील, पण काकांशी लेखी बोलणे झाल्यावर. तुम्ही पत्रात गादी, गीझर, वायफाय सगळे लिहिले आहे. काकांना कळवल्याचे कुठे दिसत नाही. खरी अडचण तिथे आहे.

आधी हिस्से पाहू. घर आजोबांचे स्वकष्टार्जित असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे ते तिघा मुलांकडे समान गेले: वडील, काका आणि आत्या, प्रत्येकी एक तृतीयांश. आत्याचे नाव नमुना ८ वर नाही म्हणून तिचा हिस्सा गेला असे होत नाही. तो उतारा घरपट्टीच्या आकारणीसाठी असतो, मालकीचा पुरावा म्हणून न्यायालय तो धरत नाही. वडिलांचा एक तृतीयांश पुढे आई, तुम्ही आणि बहीण असल्यास तिच्यात विभागला जाईल. म्हणजे बहीण असेल तर साडेसात लाख खर्च केलेल्या घरात तुमचा स्वतःचा वाटा एक नवमांश आहे. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच पुढची पत्रे लिहा.

आता नोटीस. तुमचे काका हयात आहेत. कलम ८ खाली वडिलांकडून मुलाला आलेली मिळकत त्याची स्वतःची होते. नातवाला तिच्यात जन्माने हिस्सा मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या चंदर सेन प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा चुलतभावाने स्वतःच्या नावाने, काकांचे मुखत्यारपत्र असल्याचा उल्लेख न करता नोटीस दिली असेल, तर आज त्याला या घरात स्वतःचा असा हक्कच नाही. मात्र याचा आनंद चार दिवसांपेक्षा जास्त टिकणार नाही. काकांची एक सही झाली की तीच नोटीस भक्कम होते. शिवाय हा सगळा युक्तिवाद जागा आजोबांनीच विकत घेतली यावर उभा आहे. जागा पणजोबांपासूनची निघाली तर चुलतभाऊ जन्माने हिस्सेदार ठरू शकतो. म्हणून १९५८ च्या खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी काढा.

नोटिशीला उत्तर मुदतीत द्या. आठ दिवसांची मुदत कायद्याने घालून दिलेली नाही, पण गप्प बसलात तर पुढे तेच तुमच्याविरुद्ध वाचून दाखवले जाते. उत्तरात सर्वांत मोठी चूक होते ती रागाच्या भरात ‘काकांचा काही संबंध नाही’ असे लिहिण्याची. सहहिस्सेदाराचा हक्क नाकारलात की मनाईहुकूम मागायला तुम्हीच कारण दिलेत. मी असे लिहिले असते: ‘आपल्या अशिलाचे वडील हयात असल्याने आपल्या अशिलास सदर मिळकतीत आज स्वतंत्र हिस्सा नाही. तथापि त्यांच्या वडिलांचा एक तृतीयांश हिस्सा आमच्या अशिलास मान्य असून त्यांच्या वहिवाटीस कोणतीही हरकत घेतलेली नाही व घेतली जाणार नाही.’ पहिले वाक्य चुलतभावासाठी, दुसरे न्यायाधीशांसाठी.

सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करा. तुम्हाला ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई मिळू नये एवढेच त्याचे काम. दाव्याच्या मूल्यांकनाप्रमाणे तो ज्या ज्या न्यायालयात दाखल होऊ शकतो तिथे तिथे ते द्यावे लागते, आणि काका व चुलतभाऊ दोघांनाही पोचपावतीसह टपालाने कळवावे लागते. ते ९० दिवस टिकते. डिसेंबरच्या सुरुवातीला दिलेले मार्चच्या सुरुवातीला संपते. मे महिन्याच्या सुट्टीचे बुकिंग घेणार असाल तर पुन्हा द्यावे लागेल, हे पुष्कळजण विसरतात.

दावा झालाच तर न्यायालय काय पाहील? सहहिस्सेदाराला संपूर्ण घरात राहण्याचा, ते वापरण्याचा हक्क असतो, फक्त इतरांना बाहेर काढता येत नाही. दोन-चार रात्रींसाठी खोली देणे म्हणजे घर विकणे किंवा भाडेपट्ट्याने देणे नव्हे. पण काका दरवर्षी गणपतीला येऊन ज्या खोलीत उतरतात, तीच खोली तुम्ही पाहुण्यांना दिली असेल तर त्यांना घराबाहेर काढल्याचा फोटो त्यांच्या हाती आयता आला. तीन खोल्यांत ती खोली असेल तर आजच बुकिंगमधून काढा, त्यांचे कपाट जागच्या जागी ठेवा आणि एक किल्ली त्यांच्याकडे पाठवा. देवघर आणि माजघर पाहुण्यांच्या वापरातून वगळा.

दुसरा मुद्दा पैशाचा. भारतीय न्यास कायदा १८८२ चे कलम ९० सांगते की सहमालकाने आपल्या स्थितीचा उपयोग करून इतरांच्या हक्काला बाध आणणारा फायदा मिळवला, तर तो सर्वांच्या वतीने धरून ठेवलेला मानायचा. सोप्या भाषेत, हिशेब द्यावा लागेल. आणि उलट बाजूने, न विचारता केलेल्या साडेसात लाखांच्या खर्चात काकांनी आपला वाटा द्यावा अशी सक्ती करता येईलच असे नाही. वाटपात तुम्ही सुधारलेला भाग शक्यतो तुमच्याकडे द्यावा, एवढे न्यायालय बघते. बिले, सुताराच्या आणि गवंड्याच्या पावत्या, कामाआधीचे फोटो एकत्र ठेवा.

हे सगळे टाळणारा कागद दोन पानांचा आहे. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र-करार करा. सह्या काका, आत्या, आई, बहीण आणि तुम्ही. चुलतभावाची साक्षीदार म्हणून घ्या, मान राहतो. काकांचे वय पाहता ते स्वतः वाचून सही करतील असे बघा आणि नोटरीसमोर करा. त्यात एवढे असू द्या: कोणत्या खोल्या पाहुण्यांना आणि कोणती काकांसाठी राखीव, गणपती आणि शिमगा या दिवसांत बुकिंग बंद, मुदत तीन वर्षे, कोणालाही ६० दिवसांची सूचना देऊन बाहेर पडता येईल, पण घेतलेली बुकिंगे पुरी होतील, आणि ‘या व्यवसायामुळे, अगर त्याची नोंदणी कोणा एकाच्या नावे असल्यामुळे, घरावरील कोणाचाही मालकी हक्क कमी वा अधिक होणार नाही’. चुलतभावाची खरी धास्ती या शेवटच्या वाक्याने जाते. उद्या पर्यटन संचालनालयाच्या होमस्टे नोंदणीवर तुमचे एकट्याचे नाव लागले की घर गेले, असे त्याला वाटते आहे.

वाटणीचे एक उदाहरण घ्या. वर्षाची जमा ४,००,०००. चादरी, वीज, सफाई, न्याहरी वगैरे खर्च १,५०,०००. तुमच्या मेहनतीचे जमेच्या २० टक्के, म्हणजे ८०,०००. उरले १,७०,०००. त्यातले १,००,००० दुरुस्तीच्या खर्चाच्या परतफेडीला, बाकी ७०,००० तिघांत. काकांच्या वाट्याला वर्षाला २३,३३३ रुपये येतात. एवढ्यासाठी दोन्ही बाजू वकिलांवर किती घालवतील ते मी माझ्या व्यवसायाविरुद्ध जाऊन तुम्हाला सांगू नये.

सह्या २४ डिसेंबरपूर्वी झाल्या नाहीत तर? उत्तर आणि कॅव्हेट गेलेले असेल, काकांची खोली मोकळी असेल, तर ठरलेले पाहुणे घ्या. नवीन आगाऊ रकमा मात्र घेऊ नका. नोटीस हातात असताना घेतलेल्या बुकिंगबद्दल ‘अचानक न्यायालयाचा हुकूम आला’ असे पाहुण्याला सांगता येणार नाही. पैसे तर परत द्यावे लागतीलच, वर भरपाईही.

करार नोंदवण्याबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत हवा, नाहीतर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम ७(५) वाचा. ‘परवानाधारक’ या व्याख्येतून पेइंग गेस्ट आणि हॉटेल, लॉजिंग हाउस, गेस्ट हाउस इथे राहणारे वगळले आहेत. मालक राहत असलेल्या घराचा भाग ज्याला दिला तो पेइंग गेस्ट. तुम्ही तिथे राहता, न्याहरी देता, चादरी बदलता. तेव्हा दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी निबंधकाकडे जायला नको. पण एखादा ‘तीन महिने इथूनच ऑफिसचे काम करीन, स्वयंपाक माझा मी करीन’ म्हणाला आणि तुम्ही त्याला मागचा भाग स्वतंत्र कुलूप-किल्लीने दिलात, तर चित्र बदलते. तसे द्यायचेच असेल तर करार नोंदवा. मी तर देऊच नका म्हणेन, सामायिक घरात तिसरा माणूस चिकटला की सगळेच अडकतात.

पाहुण्यांची नोंदवही मात्र हवीच: नाव, पत्ता, मोबाइल, ओळखपत्राचा प्रकार, आल्या-गेल्याची वेळ, सही. आधारची प्रत घ्यायची तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत घ्या आणि ती व्हॉट्सअॅपवर तशीच पडू देऊ नका.

तंबू नकोत. बाग शेतजमीन आहे, आणि तुमची जागा बहुधा किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) येते. २०१९ च्या अधिसूचनेत सीआरझेड ३ (ग्रामीण किनारा) मधल्या स्थानिकांना होमस्टेची मुभा आहे, पण असलेल्या घराचे जोते, रचना किंवा दर्शनी भाग न बदलता. मागची पडवी आतून बंद करून बाथरूम काढली असतील तर जोते तेच राहते. जोत्याबाहेर नवी शौचालये बांधली असतील तर तक्रारीला जागा आहे, आणि तक्रार कोण करील हे वेगळे सांगायला नको. आपली जागा नेमक्या कोणत्या वर्गात येते ते मंजूर किनारा आराखड्याच्या नकाशावर बघून घ्या.

विजेचे मीटर आजोबांच्या नावावर असेल असा माझा अंदाज आहे, बहुतेक घरांत असतेच. दोन एसी आणि दोन गीझर एकदम चालले तर सात किलोवॅटच्या घरात भार जातो. जुन्या घराचा मंजूर भार बिलावर बघा, अनेकदा तो एक-दोन किलोवॅटच असतो. नाव बदल, भारवाढ आणि वीजदराची वर्गवारी या तिन्हींचा अर्ज महावितरणच्या उपविभागात द्या, पर्यटन नोंदणीची प्रत जोडा, पोच घ्या. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर ठरला तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि वापर कधीपासून हे ठरवता आले नाही तर मागच्या १२ महिन्यांची. न्याहरीसाठी एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करा आणि स्वयंपाकाला घरगुती सिलिंडर वापरू नका, व्यावसायिक १९ किलोचा घ्या. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर लागत नाही. ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून आलेल्या बुकिंगवरचा कर तो प्लॅटफॉर्मच भरतो.

विहिरीला कठडा आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर पाहुण्यांच्या गादीआधी तो बांधा, निदान साडेतीन फूट, वर लोखंडी जाळी. न्हाणीघराच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. ‘अपघातास मालक जबाबदार नाही’ अशी पाटी लावल्याने काही वाचत नाही. पैसे देऊन राहणारा ग्राहक असतो, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तो स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. तुम्हाला दापोलीहून नागपूरला फेऱ्या घालाव्या लागतील. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद.

फ्रेंच जोडप्याचे: १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ आणि १९४६ चे परकीयांविषयीचे कायदे जाऊन २०२५ चा नवा कायदा आला आहे. परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला देण्याच्या अर्जाला लोक अजून ‘फॉर्म सी’ म्हणतात. माहिती ऑनलाइन द्यायची, पाहुणा आल्यापासून २४ तासांत. त्यासाठीचे खाते आधी मंजूर करून घ्यावे लागते, आणि नेमके इथे लोक फसतात: पाहुणे दारात उभे राहिल्यावर नोंदणीला बसतात. खाते डिसेंबरमध्येच उघडा. पासपोर्ट आणि व्हिसाचे पान ईमेलने आधी मागवून ठेवा. जोडपे रात्री अकराला पोचले तरी २४ तास तेव्हापासूनच मोजले जातात.