हेलॉटांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: 'स्पार्टाच्या हेलॉटांना एका पुस्तकात गुलाम, दुसऱ्यात भूदास आणि एका लेखात वेठबिगार म्हटलेलं वाचलं. गुलाम तर अथेन्समध्येही होते. मग बरोबर शब्द कोणता?'

माझ्या मते 'हेलॉट' हाच शब्द ठेवावा आणि तो पहिल्यांदा येईल तिथे 'स्पार्टाच्या सत्तेखालचे भूदास' एवढा खुलासा करावा. सरसकट 'गुलाम' लिहिलं, तर या दोन नगरराज्यांमधला सर्वांत खोल फरक पुसला जातो.

अथेन्समधला गुलाम म्हणजे विकत घेतलेला माणूस. कर्जापायी अथेन्सच्याच माणसाला गुलाम करण्याची चाल तिथला कायदे करणारा सोलोन याने इ.स.पू. 594च्या सुमारास मोडली. त्यानंतर गुलाम आले ते मुख्यतः परमुलखातून: थ्रेस, सिथिया, आशिया मायनर. ते एकेकटे येत, प्रत्येकाची भाषा निराळी, मालक निराळा. कुणी घरकामाला लागे, कुणी लॉरियनच्या चांदीच्या खाणीत मरेमरेस्तोवर राबे. एरेख्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यात सिमियास नावाचा मेटिक, म्हणजे अथेन्समध्ये राहणारा पण नागरिक नसलेला कारागीर, आपल्या केर्डोन, सिंद्रोन वगैरे गुलामांबरोबर खांबांवर पन्हळी कोरताना दिसतो. त्याच कामावर नागरिकही आहेत. रोजाने मजुरी ठरलेली असेल तिथे तिघांचाही दर एकच, दिवसाला एक द्राख्मा. गुलामाची मजुरी मालकाच्या हातात जात असणार हे उघड आहे. तरी नाव, काम आणि रक्कम हिशेबात येते. अथेन्सच्या लोकशाहीवर चिडलेल्या एका निनावी लेखकाची तर तक्रारच आहे की इथला गुलाम रस्त्यात बाजूला होत नाही आणि त्याला मारायचीही सोय नाही. याचा अर्थ अथेन्स दयाळू होतं असा मुळीच नाही. अथेन्सशी चाललेल्या युद्धात, इ.स.पू. 413मध्ये, स्पार्टाने अथेन्सच्याच मुलखातल्या डेकेलियाला ठाणं दिल्यावर 20,000हून अधिक गुलाम अथेन्स सोडून पळाले, असं इतिहासकार थुसिडिडीज सांगतो.

हेलॉटांचं सगळंच वेगळं. ते लॅकोनिया आणि मेसेनियाचे जिंकले गेलेले शेतकरी, म्हणजे ग्रीकच. आपल्याच गावात, आपल्याच बायकापोरांसह राहायचे; जमीन मात्र स्पार्टाच्या नागरिकाची. मेसेनियाच्या लोकांना पिकाचा अर्धा वाटा मालकाला पोचवावा लागे, आणि ते ओझ्याखाली पिचलेल्या गाढवांसारखे होते, असं स्पार्टाचाच कवी टिर्टेयस म्हणतो. नागरिकाला आपल्या ताब्यातला हेलॉट परमुलखात विकता येत नसे, की स्वतःच्या मर्जीने मोकळाही करता येत नसे. त्याचा शेवटचा धनी स्पार्टाची सत्ता.

स्पार्टाची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी होती. दोन राजे, साठी उलटलेल्या 28 जणांचं ज्येष्ठमंडळ, दरवर्षी निवडलेले पाच एफोर, म्हणजे कारभार पाहणारे अधिकारी, आणि आरोळीच्या जोरावर कौल देणारी सभा. या सभेतला नागरिक शेती करत नसे. सार्वजनिक भोजनमंडळात ठरलेला शिधा तो द्यायचा, आणि तो देणं जमलं नाही की नागरिकत्व जायचं. तो शिधा पिकवायचे हेलॉट. इराण्यांविरुद्धच्या प्लाटियाच्या लढाईत, इ.स.पू. 479मध्ये, 5,000 स्पार्टन आणि प्रत्येकामागे सात हेलॉट होते, असं इतिहासकार हेरोडोटस लिहितो. एवढ्या माणसांच्या धास्तीत जगणाऱ्या राज्याचे एफोर कारभार हाती घेताना दरसाल हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे हेलॉटाला मारलं तरी पाप लागायला नको. थुसिडिडीजने दिलेली हकीकत तर वाचवत नाही: लढाईत मोठी कामगिरी केलेल्यांनी पुढे यावं, त्यांना मोकळं करू, असं सांगून 2,000 हेलॉट निवडले. त्यांनी डोक्याला माळा बांधून देवळांना फेऱ्या घातल्या. पुढे ते सगळे नाहीसे झाले. कोण कसा मेला ते कुणाला कळलं नाही.

आता मराठी शब्द एकेक लावून पाहू. 'कूळ' चालणार नाही. कूळ खंड देतं, पण त्याला कायद्याचा आधार असतो. 'वेठबिगार' ऐकायला जवळचा वाटतो. पण वेठ म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेलं काम. हेलॉट तर उरलेल्या पिकावर घर चालवायचा. 'बटीक' आणि 'कुणबीण' हे पेशवाईच्या कागदांत घरात राबणाऱ्या, विकत घेतलेल्या बायकांचे शब्द. ते जुळलेच तर अथेन्सच्या घरांतल्या गुलाम बायकांशी जुळतील. उरला 'भूदास'. तो पुस्तकी आहे खरा, पण जमिनीशी बांधलेपणा नेमका सांगतो. त्यात एकच उणीव राहते: युरोपातल्या मध्ययुगीन भूदासाचा धनी सरदार असायचा, इथे अख्खी सत्ता. म्हणून खुलाशात 'स्पार्टाच्या सत्तेखालचे' हे शब्द गाळू नयेत.

रूप चालवताना 'हेलॉट्स' लिहायचं कारण नाही. डॉक्टर आला, डॉक्टर आले, डॉक्टरांना. तसंच हेलॉट, हेलॉट, हेलॉटांना.

आणखी एक पथ्य काळाचं. ल्यूक्ट्राच्या लढाईत थेबीस या नगरराज्याकडून स्पार्टाचा पराभव झाल्यावर थेबीसचा सेनापती एपामिनोंडास याने इ.स.पू. 369मध्ये मेसेनिया मोकळा केला आणि मेसेने हे नवं शहर वसवलं. स्पार्टाचे लोक त्यानंतरही तिथल्या नागरिकांना हेलॉटच म्हणत राहिले. आपण मात्र त्या सालानंतरच्या मजकुरात 'मेसेनियन' असंच लिहावं.