थंडीत कुंडीतला मोगरा वाळत चाललाय, झाड मेलं का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळायला लागली, नवी फूट दिसत नाही, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालताय. आधी ते संध्याकाळचं पाणी आजपासून बंद करा. बाकीचं मग सावकाश वाचा.

मी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहते. गाव किल्ल्याच्या उत्तर अंगाला आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे डोंगराला चिकटलेल्या आमच्या गल्लीत ऊन उशिरा उतरतं. समोरच्या कट्ट्यावर तिरीप पडली की शाल, कानटोपी गुंडाळून आम्ही सात-आठ जण तिथे जमतो. कुणाची गच्चीवर बाग, कुणाची परसात चार झाडं. काल केवढा गारठा होता, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकडे दव गोठलं का, इथून सुरुवात होते आणि कुणाच्या तरी मोगऱ्यावर गाडी येते. तुम्ही विचारलंय ते या कट्ट्यावर दर थंडीत कुणीतरी विचारतंच.

गारठ्यात मोगरा वाढ थांबवतो. मुळं पाणी फार ओढत नाहीत, माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. मुळं कुजली की पानं पिवळी पडतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून आपण अजून पाणी घालतो. माझा पहिला मोगरा असाच गेला. सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून आणलेलं रोप होतं ते. संक्रांतीच्या सुमाराला कुंडी उपडी केली तर मातीला आंबूस वास, मुळं काळी पडलेली. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून बोटाला आली आणि आत नुसता दोरा राहिला. मला फार वाईट वाटलं होतं. कट्ट्यावरचे अण्णा, ज्यांचं सगळं आयुष्य शेतीत गेलं, तेव्हा म्हणाले, "अगं, आता मोगऱ्याचं पाणी तोडायचं असतं. ताण बसल्याशिवाय तो बहरत नाही."

तुमचं झाड जिवंत आहे का, ते असं बघा. जमिनीपासून वीतभर वर फांदीची साल नखाने जराशी खरवडा. खाली हिरवं ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर आणखी खाली, बुंध्याजवळ खरवडून बघा. शेंडे वाळलेत म्हणून झाड टाकून देऊ नका.

पाणी घालायचं ते सकाळी, ऊन चढल्यावर. आणि बोट मातीत दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच. आमच्याकडे या दिवसांत मोठ्या कुंडीला चार-पाच दिवसांनी पाणी लागतं. खालची ताटली काढून ठेवा. खत आत्ता काहीही घालू नका, झाड ते घेत नाही.

जानेवारीच्या अखेरीला पाणी आठ-दहा दिवस अगदी बंद करा. मग उरलेली पानं काढून फांद्या निम्म्याने छाटा, वरची दोन बोटं माती हलकी करा, दोन मुठी कुजलेलं शेणखत मिसळा आणि भरपूर पाणी द्या. त्यानंतर महिना-दीड महिन्यात कळ्या दिसायला लागतात. छाटायला हात धजत नाही हे मला माहीत आहे, पण मोगऱ्याला कळी नव्या फुटीवरच येते.

गच्चीवर बाग असेल तर आणखी एक गोष्ट. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे साधारण 49 अंशांवर असतो. दक्षिणेचा कठडा तीन फुटी असेल तर त्याची अडीच फुटांवर सावली बारा वाजताही पडते, सकाळी तर त्याहून लांब. उन्हाळ्यात जिथे झाडं मजेत होती तिथेच आता दिवसभर गारवा राहतो. कुंड्या उत्तरेच्या कठड्याकडे सरकवा. आमच्या वहिनींच्या जास्वंदीच्या कळ्या गळत होत्या, तिला फक्त जागा बदलून दिली आणि पंधरा दिवसांत फुलं टिकायला लागली.

पानं पिवळी पडली म्हणजे दरवेळी दुखणंच असतं असंही नाही. आमच्यातल्या एकीचं माहेर सांगलीचं. तिने गेल्या वर्षी कुंडीत हळद लावली होती. थंडीत तिची पानं वाळून आडवी पडली तेव्हा आम्ही दोघी-तिघी हळहळलो, आणि ती मात्र खुरपं घेऊन बसली. हळद तयार झाली की पाला असाच वाळतो. कट्ट्यावरच कुंडी ओतली, माती झाडली, एक गड्डा मोडला आणि आतून तो केशरी रंग! बोटं दोन दिवस पिवळी होती सगळ्यांची.

शेवंती असेल तर कळ्यांखाली मावा बघत चला, थंडीत तो फार येतो. लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवारायचं. तेवढं पुरतं.

हात शिवशिवत असतील तर ते मोगऱ्यावर चालवू नका, मेथी पेरा. महिन्याभरात भाजी ताटात येते. कोथिंबिरीसाठी धने आख्खे टाकू नका, वरवंट्याने हलके रगडून दोन फाकी करा. या हवेत उगवायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर उकरून बघायचं नाही. आमच्या कट्ट्यावर भोगीच्या आदल्या दिवशी प्रत्येकजण आपापल्या कुंडीतलं काहीतरी आणतं. कुणी ओंजळभर पावटा, कुणी दोन वांगी, कुणी बोटाएवढी गाजरं. गावाकडून कुणीतरी हरभऱ्याचा डहाळा आणलेला असतो. सगळं सुपात एकत्र करून वाटून घेतो. प्रत्येक घरच्या भोगीच्या भाजीत सात घरची माती असते, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ती भाजी मला वर्षातल्या कुठल्याही पक्वान्नाहून प्रिय आहे.

साल खरवडल्यावर आत कुठला रंग निघाला ते इथे लिहा. कुंडीच्या तळाला भोक मोकळं आहे ना, तेही बघून सांगा. उद्या नऊ वाजता कट्ट्यावर अण्णांना विचारून ठेवते.