मुंबई–न्यूयॉर्क: अंतर एकच, तरी जाता-येता वेळ वेगळा का?

मुंबई–न्यूयॉर्क अंतर सगळीकडे सुमारे १२,५०० किलोमीटर दिलेले असताना आई-वडिलांच्या थेट विमानाला जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा तास कसे लागतात, आणि न्यूयॉर्कहून पुढचे विमान कोणत्या हिशेबाने घ्यावे, असे आपण विचारले आहे. पुढच्या विमानासाठी अंतराचा विचार सोडून द्यावा आणि तिकिटावरच्या वेळाच धराव्यात.

१२,५०० किलोमीटर हे पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला न जाता मध्य आशिया, रशिया, नॉर्वे आणि आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर चौदा तासांत संपायला हवे. पण एखाद्या देशाचे आकाश बंद असले की वळसा पडतो, शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचे सरकणे आणि उतरण्यापूर्वीचे थांबणेही धरलेले असते.

जाता-येतानाचा फरक मात्र मुख्यतः वाऱ्याचा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत हिवाळ्यात अधिक जोर धरतात; अमेरिकेला जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाचे आहे. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडे पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० किलोमीटरवर गेले, तरी वारा पाठीशी आल्यामुळे प्रवास दोन तासांच्या आसपास कमी झाला! अंतर पाहून वेळ ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि मार्च ते नोव्हेंबरच्या उन्हाळी वेळेत साडेनऊ तास मागे असते. म्हणजे जानेवारीत मुंबईहून रात्री १:३० वाजता निघून त्याच दिवशी सकाळी ७ वाजता पोहोचणारे विमान साडेपाच अधिक साडेदहा, असे सोळा तास हवेत आणि धावपट्टीवर मिळून घालवते. परतताना हाच फरक वजा करावा.

न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतच दुसऱ्या शहरी जायचे असेल, तर इमिग्रेशन तिथेच होते आणि सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. ज्येष्ठ नागरिकांसाठी मी दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ कधीच सुचवत नाही. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्यावीत, म्हणजे पहिल्याला उशीर होऊन दुसरे चुकले तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करून ठेवावी.