वाचक विचारतात : रेगेतली रिकामी सम

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून जुन्या हिंदी गाण्यांचा शौकीन आहे. मुलाने बॉब मार्लेचा ‘लेजंड’ हा अल्बम ऐकवला. गाणी गोड आहेत, पण सगळी एकाच ठेक्याची वाटली. रेगेतले थोर म्हणून गणले जाणारे अल्बम कोणते, आणि ते लोकांच्या लक्षात का राहिले?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, मात्र तिचे निम्मे कारण त्या निवडीत आहे. ‘लेजंड’ १९८४ साली, मार्लेच्या निधनानंतर तीन वर्षांनी निघाला, आणि त्यात प्रामुख्याने त्याची सौम्य गाणी घेतली गेली. उरलेले निम्मे कारण ठेक्यात आहे. आपला कान समेची वाट पाहतो. रेगे या जमैकन संगीताच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चारांपैकी पहिली मात्राच ड्रमवाला मोकळी सोडतो आणि तिसऱ्या मात्रेवर घाव घालतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा आखूड खटका येतो आणि गाण्याची चाल खऱ्या अर्थाने बेस गिटार सांभाळते. मोबाइलच्या स्पीकरवर हा बेस ऐकूच येत नाही, म्हणून सगळी गाणी सारखी भासतात. मे महिन्यात कूलर बंद करून ऐका, असे नागपूरकराला सांगण्याचे धाडस मी करणार नाही. हेडफोन मात्र जरूर लावावा.

सुरुवात मार्लेच्या वेलर्स या गटाच्या ‘कॅच अ फायर’पासून (१९७३) करावी. त्याचे पहिले वेष्टन सिगारेट लायटरच्या आकाराचे होते. बिजागरीवरचे झाकण उचलले की आत ज्योतीचे चित्र आणि तबकडी दिसे. किंग्स्टनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या गाण्यांवर लंडनमध्ये रॉकच्या श्रोत्यांसाठी गिटार आणि कीबोर्डचे थर चढवले गेले. मूळ जमैकन मिश्रण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले असून मला तेच अधिक आवडते, कारण त्यात ॲस्टन आणि कार्लटन या बॅरेट बंधूंचा बेस आणि ड्रम यांच्यावर कशाचेही सावट नाही.

आपण नागपूरचे आहात, म्हणून बर्निंग स्पिअर या गटाच्या ‘मार्कस गार्वी’विषयी (१९७५) थोडे अधिक लिहितो. गार्वी हे कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाची चळवळ उभारणारे जमैकन नेते होते, आणि गटाचे गायक विन्स्टन रॉडनी हे त्यांच्याच सेंट ॲन परगण्यातले. गार्वींची आठवण आता कोणालाच उरली नाही, अशी व्यथा या अल्बममधल्या एका गाण्यात आहे. दुसऱ्यात गुलामगिरीचे दिवस आठवतात का, हा एकच प्रश्न रॉडनी इतक्या वेळा विचारतात की अखेरीस तो श्रोत्यालाच विचारल्यासारखा वाटू लागतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याने चालताना दोन्ही बाजूंच्या दुकानांतून भीमगीते कानांवर पडतात, आणि प्रत्येक गाण्यात बाबासाहेबांचे नाव नव्याने घेतले जाते. ज्याने ताठ उभे राहायला शिकवले त्याचे नाव गाण्यात का घोळवायचे, हे ज्याने वामनदादा कर्डक ऐकले आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही. रॉडनींचा आवाज गोड नाही, आणि तो तसा असावा अशी अपेक्षाही ठेवू नये.

गोडव्यासाठी काँगोज या गायकद्वयाचा ‘हार्ट ऑफ द काँगोज’ (१९७७) आहे. निर्माता ली पेरी याने तो किंग्स्टनमधल्या आपल्या ब्लॅक आर्क या घरच्या स्टुडिओत केवळ चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला. ट्रॅक भरले की ते एकत्र करून जागा मोकळी करायची आणि त्यावर पुन्हा नवे आवाज चढवायचे, अशा रीतीमुळे टेपची खरखर साचत गेली. पण त्या धूसरपणातून सेड्रिक मायटन यांचा उंच पट्टीतला आवाज असा वर येतो की ती खरखर गेली तर चुकल्यासारखे वाटेल. त्याच वर्षीचा ‘कल्चर’ या गायकत्रयीचा ‘टू सेव्हन्स क्लॅश’ दोन साते एकत्र येतील तेव्हा अनर्थ होईल या भाकितावर बेतलेला होता, आणि ७ जुलै १९७७ रोजी किंग्स्टनमधल्या अनेकांनी घराबाहेर पडणे टाळले. मार्लेचा ‘एक्सोडस’ही १९७७ चाच, तो आपला मुलगा सांगेलच.

प्रश्न : ‘डब’ प्रकारच्या अल्बममध्ये गायक दोन ओळी म्हणून मध्येच नाहीसा होतो. माझी फाइल खराब आहे का?
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : फाइल ठीक आहे. किंग टबी हा किंग्स्टनमधला विद्युत उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. तयार गाण्यातून गळा काढून घ्यायचा, एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा आणि ड्रम व बेस उघडे ठेवायचे, असे करून त्याने मिक्सिंगच्या टेबलालाच वाद्य बनवले. मेलोडिकावादक ऑगस्टस पाब्लोसोबतचा ‘किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन’ (१९७६) ऐकावा. त्यातले केविलवाणे सूर मेलोडिकाचे आहेत. पेटीसारख्या पट्ट्या असलेले, पण तोंडाने फुंकून वाजवायचे हे छोटे वाद्य जमैकात शाळेतली मुले वाजवत असत. ऐकताना बेस वाढवावा, फक्त शेजाऱ्यांची वामकुक्षी आटोपू द्यावी.