३२,७६८ वी पट्टी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर तू मोबाईल पुढे धरून सॉफ्टवेअर टेस्टिंगवरचे या आठवड्यात साठवलेले त्रेचाळीस लेख दाखवलेस आणि "सर, यातले आधी काय वाचू?" असे विचारलेस, तेव्हा मी विषय बदलला, कारण खरे उत्तर तोंडावर देणे जिवावर आले. त्यातले बेचाळीस पुसून टाक. आठवड्याला एकच वाच. पण मूळ वाच आणि शेवटच्या पानापर्यंत वाच.

४ जून १९९६ रोजी एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले, कारण ६४ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या ६४ घरांची, संख्या १६ बिटांत मावली नाही, एवढे तुलाही पाठ आहे. चौकशी मंडळाचा अहवाल मात्र सांगतो की धोक्याच्या सात चलांपैकी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बदलत्या मूल्यांपैकी, चारांना संरक्षण दिले होते आणि तीन विचारपूर्वक सोडली होती, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि त्या तिघांची मूल्ये मर्यादा ओलांडणार नाहीत असा विश्वास होता. शिवाय जे गणित फसले, त्याचा एरियन-५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. ते आधीच्या एरियन-४ रॉकेटकडून वारशाने आले होते. तिथली माणसे निष्काळजी नव्हती, हिशेबी होती, आणि सारांशात नेमकी तीच हरवतात.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. तो अहवाल छापून मी फाइलला लावला होता, सवडीने वाचू म्हणून. त्याच सुमारास इथल्या एका गूळ अडत्यासाठी केलेला प्रोग्रॅम मी पाचशे पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, काढून तपासला आणि पास केला. ऐन हंगामात ३२,७६७ नंतरच्या पट्टीवर उणे ३२,७६८ असा क्रमांक उमटला, पुढचा हिशेब जुळेना आणि शेतकरी पैशासाठी ओट्यावर ताटकळले. इथेही सोळा बिटे! ३२,७६७ च्या पुढचा क्रमांक त्यांत मावत नव्हता. फाइल माझ्या मागच्याच कपाटात होती. तपासणीला मला दोनच दिवस मिळाले होते आणि क्रमांक कसा साठवला आहे हे कोणी सांगितले नव्हते, हे मी आजही ठासून सांगतो. मी विचारलेही नव्हते, हे मात्र फारसे सांगत नाही.

सारांशाने वेळ वाचतो, असे तू म्हणशील. त्या वाचलेल्या वेळात तू काय करतेस? आणखी सारांश वाचतेस! चिडलो आहे असे समजू नकोस. तुझी जिज्ञासा मला आवडते, म्हणूनच ती अशी चिल्लर होऊन सांडताना पाहवत नाही. एकच वाच, मूळ वाच, पुरते वाच.

पुढच्या आठवड्यासाठी थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या अपघातांवरचा लेव्हसन आणि टर्नर यांचा १९९३ चा लेख घे. तो लांब आहे, असू दे. त्याआधी या रविवारी घरी ये, आणि तुमच्या कंपनीच्या बिलाचा क्रमांक किती बिटांत साठवतात, ते विचारून ये.